आवडती रायफल कोणती आणि का: माझं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिने क्लबच्या .२२ (०.२२ इंची, लहान काडतुसाच्या) रायफलवर सराव झाला, आता स्वतःची घ्यायची आहे. रेंजवरच्या जुन्या लोकांना "तुमची सगळ्यात आवडती कोणती?" असं विचारलं तर पाच जणांनी पाच नावं घेतली. एकाची जुनी लष्करी रायफल, एकाची लीव्हर ॲक्शन (चापाजवळचा दांडा खाली-वर करून भरायची), एकाची .३०८ (मोठ्या काडतुसाची), एकाची दहा मीटरची एअर रायफल आणि एकाची सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) .२२. प्रत्येक जण डोळे चमकवून बोलला, त्यामुळे तुमचा गोंधळ वाढला. दोन वर्षांनी कंटाळा येणार नाही अशी कोणती, हे तुम्हाला हवंय. शिवाय तुम्ही डावखुरे आहात.

पाचही जण खरंच बोलले. फक्त त्यांनी स्वतःच्या आवडीचं उत्तर दिलं आणि तुम्ही ते खरेदीचा सल्ला म्हणून ऐकलंत. मी सव्वीस वर्षं नेमबाजी करतोय, त्यातली चौदा शिकवण्यात गेली. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोकांच्या कपाटात उत्तमोत्तम रायफली पडून असतात, आणि रविवारी सकाळी हातात दिसते ती भलतीच कुठलीतरी जुनी, साधी. म्हणून मी तुमचा प्रश्न असा वाचतो: पेटीतून पुन्हा पुन्हा कोणती काढावीशी वाटते, आणि का?

माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. जी रायफल प्रत्येक गोळीनंतर मला खरं सांगते, आणि ते ऐकण्याइतकं मला भानावर ठेवते, ती. हे नुसतं बोलायला छान वाटतं म्हणून सांगत नाही, त्यामागे एक अगदी रोजची सवय आहे.

माझ्या सरावाच्या वहीत प्रत्येक पानावर दोन वर्तुळं असतात. बार झाला की दुर्बिणीत डोळा घालायच्या आधी डाव्या वर्तुळात टिंब देतो: चाप सुटला त्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरची साइट) कुठे होती, त्यावरून गोळी कुठे गेली असावी. याला आम्ही 'कॉल' म्हणतो. मग दुर्बिणीतून बघतो आणि प्रत्यक्ष लागली ती जागा उजव्या वर्तुळात मांडतो. दोन्ही टिंबं एकाच जागी पडली की मजा येते. आणि ती आठच्या रिंगमध्ये पडली तरी येते, हे नवीन माणसाला पटत नाही. दहा लागला पण कॉल होता सातचा, तर तो दहा फुकटचा; त्याचं मला काही वाटत नाही. उलट "उजवीकडे खाली, आठ" असं मनात म्हटलं आणि तिथेच भोक दिसलं, तर त्या दिवशी रायफल आणि मी एकाच भाषेत बोलतोय.

आता हे कुठल्या रायफलीत चांगलं होतं ते बघू.

माझी आवडती म्हणजे एकेरी भरायची, बोल्ट ॲक्शनची (मूठ धरून बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) .२२. जर्मनीतल्या उल्म शहरात बनलेली ॲन्शुट्झ, ५४ ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे काडतूस भरणारी आणि उडवणारी यंत्रणा), मी घेतली तेव्हाच जुनी होती. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं पॉलिश आधीच्या मालकाने घासून काढलंय, खालचं लाकूड मऊ झालंय. गंमत म्हणजे माझा गाल बरोबर तिथेच बसतो. समोर गोल माशी, मागे पीप साइट (बारीक भोकाची), रायफलीवर दुर्बीण नाही. उजव्या अंगठ्याने एक काडतूस खाचेत ठेवायचं, बोल्ट पुढे, मूठ खाली. गोळीवरचं मेण बोटाला लागतं आणि तासाभराने अंगठा चिकट होतो. चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा मोकळा, मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर बोट टेकवून थांबायचं. माशीभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की भिंत आपोआप वितळल्यासारखी जाते. काच फुटल्यासारखी, असं माझे गुरुजी म्हणायचे. मला त्यांची उपमा कधी पटली नाही, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळतं.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याची जागा कुणी घेऊ शकलेलं नाही. कारण समजून घ्यायला झटक्याचा हिशोब करू. यातली गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. तीन किलोच्या रायफलीला यातून मिळणारी धक्क्याची ऊर्जा जेमतेम ०.१ ते ०.२ ज्यूल. .३०८ मध्ये गोळी साडेनऊ-दहा ग्रॅमची, वेग आठशेच्या पुढे, दारू कितीतरी जास्त. साडेतीन किलोच्या रायफलीत तोच आकडा वीस ज्यूलच्या जवळ जातो. म्हणजे शंभरपटीहून जास्त. .२२ चा बार झाल्यावर माशी जागची फारशी हलत नाही, त्यामुळे चाप सुटतानाचं चित्र डोळ्यांत टिकतं आणि कॉल करता येतो. मोठ्या काडतुसात ते चित्र झटक्यात पुसलं जातं.

दुसरं म्हणजे ही गोळी सावकाश जाते. मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असतात. ठिणगी पडल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात खांदा ढिला पडला किंवा डोकं उचललं तर कागदावर लगेच दिसतं. बार झाल्यावरही तसंच धरून राहायचं, म्हणजे फॉलो थ्रू, तो का, हे .२२ इतकं चांगलं मी कुणाला तोंडाने समजावू शकलेलो नाही.

आणि वारा! ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर या गोळीला दोनेक सेंटिमीटर सरकवतो. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणजे नेम निर्दोष असला तरी वाऱ्याच्या झेंडीकडे न बघता मारलेली गोळी दहाबाहेर जाणार. ५० मीटर ऐकायला कमी वाटतं. पण वारा वाचायला शिकायचं तर ही फार उत्तम आणि फार त्रासदायक जागा आहे. अर्धा तास वाऱ्याशी भांडून मी कित्येकदा पहिल्याच जागी परत आलोय.

सेमी-ऑटोवाल्या मित्राचा मुद्दाही चुकीचा नाही. त्याच्याकडे बहुतेक रूगर १०/२२ असणार. ती १९६४ मध्ये आली, आत दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, आणि आजही सगळीकडे दिसते. तिच्यावर डबे उडवायला मजा येते, नवीन माणूस हसत हसत रेंजवरून परत जातो. माझी तक्रार एवढीच की पुढची गोळी तयार असते. बोट थांबत नाही, आणि दहा गोळ्या संपल्यावर "कॉल काय होता?" असं विचारलं तर समोरचा माझ्या तोंडाकडे बघतो. मी शिकवताना तिच्यात एका वेळी एकच गोळी भरायला सांगतो. लोकांना राग येतो.

एअर रायफलबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण ती कमी दर्जाची असा समज अजून आहे. दहा मीटरच्या टार्गेटवर दहा म्हणजे फक्त ०.५ मिलिमीटरचा ठिपका, आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरची. पेलेटचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे .२२ च्या निम्मा. दाबलेल्या हवेच्या आजच्या रायफलीत झटका जवळजवळ नसतोच, त्यामुळे चूक झाली तर दोष द्यायला कुणी उरत नाही. गुण दशांशात मोजले तर एका गोळीचे जास्तीत जास्त १०.९ मिळतात. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकताना शेवटच्या गोळीला १०.८ मारला. शेवटच्या गोळीला, तेवढ्या दडपणाखाली, हे लक्षात घ्या.

स्प्रिंगवाल्या जुन्या रायफलींची गंमत वेगळी. आत पिस्टन धावतो, आपटतो, आणि पेलेट नळीत असतानाच रायफल मागे-पुढे दोन्हीकडे हलते. घट्ट धरली की ग्रुप (कागदावरच्या भोकांचा झुबका) उधळतो. तळहातावर नुसती ठेवल्यासारखी धरायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. पण प्रत्येक वेळी अगदी तसंच. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीच्या ३०० एस मध्ये यावर सुंदर तोड काढली होती: संपूर्ण ॲक्शन दस्त्यात घसरपट्टीवर मागे सरकते, त्यामुळे गालाला धक्का जाणवत नाही. बाजूचा लांब दांडा ओढताना तेलात बुडवलेल्या कुलपासारखं काहीतरी हाताला लागतं. मी ती फार वर्षं वापरली. एअर रायफल माझी आवडती नाही याचं कारण तिचा दोष नाही; बंद हॉलमध्ये साठ गोळ्या मारताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ज्यांना परीक्षा आवडते अशी माणसं असतात. तुम्ही तसे असाल तर इथेच थांबा आणि हीच घ्या.

जुन्या लष्करी रायफलींकडे माणूस ओढला जातो तो त्यांच्या ॲक्शनमुळे, असं माझं मत. इतिहास हे दुसरं कारण. ली-एनफिल्ड आणि माउझर ९८ शेजारी ठेवा आणि नुसता बोल्ट चालवून बघा, अर्थात चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे दोनदा बघून. माउझरचा बोल्ट उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते, म्हणून मूठ वर नेताना जोर लागतो, मग बाकी सगळं सुतासारखं. शिवाय तिचा रुंद पंजा मॅगझिनमधून सुटतानाच काडतुसाची कड पकडतो, ते कुठे निसटत नाही. ली-एनफिल्डमध्ये स्प्रिंग ताणली जाते बोल्ट पुढे ढकलताना, आणि मूठ उचलायची ती साधारण ६० अंशच. हाताचा तळवा मूठ सोडतच नाही. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि हा बोल्ट, यामुळे ती इतकी भरभर चालते. ॲक्शन बनवणारा जेम्स पॅरिस ली आणि ओबर्नडॉर्फचा पाउल माउझर, दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं काढली, आणि तुमचा हात अर्ध्या मिनिटात ठरवतो कोणतं पटलं. माझ्या हाताला ली पटते. बोल्ट मजबूत कुणाचा, अचूकता कुणाची, या वादात माउझर जिंकते हे मान्य करूनही.

या रायफलींनी १०० मीटरवर उघड्या साइटने तळहाताएवढा ग्रुप आला की लोक खूश होतात. अपेक्षा माफक असतात, हाही त्यांच्या आनंदाचा भाग आहे.

एक सावधगिरी, माझ्याच चुकीतून आलेली. सुरुवातीच्या काळात मी अशा रायफलीत जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली. संध्याकाळी नळीतून तेलाचा बोळा फिरवला आणि झोपलो. सकाळी पांढरा बोळा घातला तो विटेच्या रंगाचा होऊन बाहेर आला. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या भागातल्या, मसाल्यातून पोटॅशियम क्लोराईड हे क्षार नळीत बसतात, ते हवेतली ओल ओढतात, आणि तेलात ते विरघळत नाहीत. तेलाने मी ते नीट झाकून ठेवले होते, एवढंच. आधी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल. नळीच्या पुढच्या भागात बारीक खड्डे पडले, ते आजही आहेत.

लीव्हर ॲक्शनचं मला फार काही सांगायचं नाही. जॉन ब्राउनिंगची १८९४ ची विंचेस्टर उचलली की ती दोन हातांच्या मधोमध तोल धरते, खांद्याला आपणहून लागते. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं, म्हणून त्यात टोकदार गोळ्या घालायच्या नाहीत. मजेला उत्तम, शिकायला मध्यम.

राहिली .३०८. हिचा आनंद ३०० मीटरवर लोखंडी पाटीवर मारताना कळतो. बार होतो, झटका बसतो, मग शांतता. गोळीला पोचायला साधारण ०.४ सेकंद, पाटीचा आवाज परत यायला ०.९ सेकंदाच्या आसपास. म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त तुम्ही नुसते वाट बघत असता. मग लांबून 'टण्ण'. या वाटेसाठी लोक पहाटे उठून गाडी काढतात, आणि मीही काढलीय.

पण आठ महिन्यांच्या सरावावर ही पहिली स्वतःची रायफल म्हणून मी सुचवणार नाही. माझ्याकडे एक शिष्य आला होता, .२२ वर छान मारायचा, मोठी घेतल्यावर चार आठवड्यांत त्याचा ग्रुप फाटला. त्याला वाटलं दुर्बीण सैल झालीय. मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी काडतूस मिसळून दिलं. तिसऱ्या वेळी नुसतं 'टिक्' झालं आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलं. बारच झाला नव्हता, झटक्याच्या भीतीने खांद्याने आधीच ढकललं होतं. तो बराच वेळ रायफलीकडे बघत बसला. ही सवय लागायला वीस-तीस गोळ्या पुरतात, आणि मोडायला त्याला पुन्हा .२२ वर येऊन अख्खा पावसाळा लागला. कान झाकणं इथे फार महत्त्वाचं: झटक्याइतकाच माणूस आवाजालाही दचकतो. मी प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडचा कायदा काय परवानगी देतो हे सगळ्यात आधी. तिथे माझ्या मताला किंमत नाही. मग रेंज किती मीटरची. ५० मीटरचीच असेल तर .३०८ घेऊन तुम्ही फक्त आवाज विकत घ्याल. स्पर्धा खेळायची असेल तर त्या प्रकाराचे वजनाचे आणि साइटचे नियम आधी वाचा. आणि तुमचं शरीर: दस्त्याची लांबी, गालाची उंची. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल सहज टेकवा, मग डोळे उघडा. साइट समोर असेल तर दस्ता तुमचा. मान ताणून शोधावी लागत असेल, तर दुकानदाराने कितीही कौतुक केलं तरी परत ठेवा. गालाची आणि दस्त्याची पट्टी हलवता येत असेल तर फारच छान.

म्हणून तुमच्यासाठी: बोल्ट ॲक्शन .२२, जरा जड नळीची, चापाचं वजन कमी-जास्त करता येईल अशी. घेण्याआधी त्याच मॉडेलच्या कुणाच्या तरी रायफलीने शंभर गोळ्या मारा, दोन वर्तुळांची वही जवळ ठेवून. काडतुसं तीन-चार प्रकारची आणा. प्रत्येक .२२ ची आवड वेगळी असते, आणि एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीला नवं मेण अंगवळणी पडू द्या. घरी रिकाम्या रायफलीवर चाप दाबायचा सराव करणार असाल तर आधी तिचं माहितीपत्रक बघा. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, आणि काही जुन्या रायफलींत काडतूस नसेल तर ती चेंबरची कडच ठेचते. डमी वापरलेली बरी.

डावखुरेपणाचं शेवटी. हात नंतर, आधी डोळा बघा. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तुमचा. डावा निघाला तर डाव्या खांद्यावरूनच मारा आणि डाव्या बाजूला मूठ असलेला बोल्ट मागा. ॲन्शुट्झसारखे लोक तो बनवतात. उजव्या बोल्टवर तडजोड करू नका. रिकामं टरफल नाकासमोरून जातं आणि कधीतरी धूर डोळ्यांत येतो. उजवा निघाला तर आठ महिने काही फार नाहीत, खांदा आत्ताच बदला. आणि मजेसाठी दुसरी कधी घेतलीत तर ब्राउनिंगने आखलेली, १९१४ पासूनची छोटी सेमी-ऑटो .२२ बघा. ती टरफलं खाली टाकते, डावा-उजवा सगळ्यांना सारखीच. फक्त गरम टरफल कधीकधी पुढच्या हाताच्या बाहीत शिरतं, आणि तेव्हा रायफल हातात असताना नाचायचं नसतं. बाहीचं बटण लावून बसा.